दोरीला तेल

आमच्याकडे दोरीचा मल्लखांब मुलींचा समजला जायचा. मुलगे पुरलेल्या खांबावर, मुली दोरीवर. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे जी व्यायामशाळा होती तिथे मी मात्र दोरीच धरून बसलो. सरांनी मला खांबाकडे हाकलून पाहिलं, मग कंटाळून नाद सोडला. पोरं 'ताई' म्हणून चिडवायची. वर चढून पायाच्या अंगठ्यात दोरी पकडली आणि उलटा झालो की त्यांचं चिडवणं पार खाली राहायचं. मला मुलगे आवडतात हे मला कळलं तेव्हा ते सांगायला माझ्याजवळ माणूस नव्हता, दोरी होती.

बाबा लवकर गेले. मी अंधेरीत एका ऑफिसात लागलो. जवळच्या एका स्टुडिओत परदेशी कलावंताची कार्यशाळा होती आणि त्याला अंगाची कसरत येणारी माणसं हवी होती. गेलो. तो पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा. मी दोरीवरून उतरलो तेव्हा तो गुडघ्यावर बसला, माझ्या अंगठ्याजवळचा घट्टा बोटाने चाचपला आणि इंग्रजीत म्हणाला, "इतकी वर्षं हे कुणासाठी करत होतास?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. काही महिन्यांत मी बर्लिनला त्याच्या घरात राहत होतो. आईला सांगितलं, नाचाच्या कंपनीत काम मिळालंय.

घर म्हणजे जुना कारखाना होता. छत इतकं उंच की तिथून सोडलेल्या दोरीचं वरचं टोक मला नीट दिसेना. माझे प्रयोग बघायला खाली जमणारी माणसं मी फक्त मासिकांत पाहिली होती तशी: रेशमी कोट, उघड्या पाठी, हातात उंच ग्लास. जेवण झालं की आरशावरची पांढरी पूड बडीशेपेसारखी फिरायची. तो माझ्या मानेवर हात ठेवून मला सगळ्यांसमोर न्यायचा. एकदा भर दुपारी, भर रस्त्यात त्याने माझा हात हातात घेतला. कुणी वळूनही पाहिलं नाही. मी चालता चालता रडायला लागलो. त्याला वाटलं, थंडीमुळे.

आईचा फोन यायचा. "जेवलंस?"

"जेवलो."

"काय?"

इथे माझं घोडं अडायचं. आमचं बोलणं जेवणावरच संपायचं, कारण बाकीचं सगळं मी तिच्यापासून लपवलं होतं. आणि त्या माणसांना माझी भाषा, माझं गाव, काहीच नको होतं. त्यांना मी दोरीवर हवा होतो.

घरातलं स्वयंपाकघर एक पोर्तुगीज माणूस बघायचा. माझ्याहून थोडा मोठा, एका पायाने लंगडा. मोटारसायकलवरून पडला, असं मला सांगण्यात आलं होतं. तो मला रोज जास्तीचा भात वाढायचा आणि फारसं बोलायचा नाही.

एकदा गप्पांत मी कलावंताला सांगितलं, की पुरलेल्या खांबाला आम्ही एरंडेल लावतो, दोरीला मात्र कधीच नाही. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं. पुढच्या प्रयोगाला खालची गादी काढलेली होती. "गादी दिसली की लोक निर्धास्त होतात," तो म्हणाला. मी ऐकलं. तेव्हा मी त्याचं काहीही ऐकत असे.

वर पोचलो, उलटा झालो आणि दोरी अंगठ्यातून निसटली. वरच्या भागाला तेल होतं. मी कसा थांबलो ते माहीत नाही. तळवे सोलवटत गेले आणि कोरड्या दोरीवर पकड बसली. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत त्याने स्वतः माझ्या हातांना मलम लावलं. "तू लावलंस तेल?" मी विचारलं.

"आज पहिल्यांदा तुझा चेहरा खरा दिसला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती सुंदर दिसलास तू!"

मी तेव्हाच निघालो असं सांगायला मला आवडलं असतं. मी राहिलो. तो मला सुंदर म्हणाला होता ना!

हातांच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा पुढच्या प्रयोगाची बोलणी सुरू झाली. त्या सकाळी पोर्तुगीज माणूस माझ्यासमोर येऊन बसला. "मी मोटारसायकल कधीच चालवली नाही," तो म्हणाला. "तुझ्याआधी वर मी असायचो."

"मग तू अजून इथे कसा?"

"दुसरीकडे कुठे मी कुणाचा नव्हतो." मग माझ्या फोनकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तुझी आई फोन करते. तू जा."

त्यानेच मला विमानतळावर सोडलं. कलावंताने मला अडवलं नाही, फोनही केला नाही. त्याचं मला जास्त लागलं.

मुलुंडला दार उघडून आई म्हणाली, "सुकलंस किती रे!" आणि वर्षभरात तिने मुली बघायला घेतल्या. एका दुपारी ती कोलंबी सोलत असताना मी सांगून टाकलं. "आई, मुली नको बघूस. मला मुलगेच आवडतात. तिथे एक जण होता."

तिचे हात थांबले नाहीत. पुढची कोलंबी उचलत तिने मालवणीत विचारलं, "तेणा तुका मारल्यान काय?"

"नाही गं. मारलं नाही."

"मगे रडतंस कित्याक?"

मी रडत होतो हे मला तिने सांगितल्यावर कळलं. तिने सोललेली कोलंबी धुवायला नेली. मुली बघणं त्यानंतर बंद झालं. त्या दिवशीची कढी तिने फार तिखट केली आणि दोघं नाक पुसत जेवलो.

आता मी कांदिवलीत भाड्याने एकटा राहतो. आईने जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. ॲपवरून कधी कुणी भेटतं. कॉफी होते, क्वचित तो घरी येतो, मग त्याच्या मेसेजचं उत्तर द्यायला मला उशीर होत जातो. कुणी दिसायला छान म्हणालं की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. मागच्या रविवारी आई पहिल्यांदाच इथे आली. घरभर फिरली, गॅसचा बर्नर घासला, खिडकीपाशी उभी राहिली. निघताना चपला घालत म्हणाली, "एकच खुर्ची ठेवलंस? कोण इलो तर बसतलो खंय?"

सोमवारी मी खुर्ची आणली. अजून तिच्यावर माझेच कपडे पडलेले असतात.