कौतिकनं लावलेली धार

पाचोऱ्याच्या आसपास कुणाच्या बांधावरचं मोठं झाड पाडायचं असलं, की निरोप कौतिककडे यायचा. एका टोकाला कौतिक, दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ हिलाल, मधे पुरुषभर लांबीची करवत. आख्खी जवानी दोघांनी अशीच समोरासमोर ओढत काढली. कौतिकला दोन गोष्टींचा भारी गर्व. एक म्हणजे त्याची धार. दुसरी म्हणजे त्याचा काप. तो झाड असं जमिनीलगत कापायचा, की मागे खुंट म्हणून ठेच लागण्यापुरताही उरायचा नाही. हाताने माती उकरून तो मुळांवर करवत टेकवायचा. बुडाचंच लाकूड जड, ते जमिनीत सोडणारा कसला लाकूडतोड्या, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

एक्याण्णव साली वखारवाले रुपचंदशेठ मोठं साखळीचं मशीन घेऊन आले. पेट्रोलवर चालणारं, दीड हात लांब पट्टीभोवती दातांची साखळी फिरवणारं. शेठ म्हणाले, "कौतिक, आता हेच. करवत ठेव माळ्यावर." कौतिकनं जड हातानं करवत माळ्यावर टाकली. पण मशीन हिलालच्या हाती आलं आणि धार लावायचं काम कौतिककडे राहिलं, तेवढ्यानं त्याला जरा हायसं वाटलं. भावाच्या हाती हत्यार आणि हत्याराला आपली धार, मग काय बिघडलं?

पहिले चार दिवस मशीन लोण्यातून चालल्यासारखं चाललं. मग एकाएकी रुसलं. आवाज तर कानठळ्या बसवणारा, पण लाकूड काही कापेना. आधी खोडातून जाड जाड ढलप्या उडायच्या, आता नुसती पिठासारखी भुकटी. पट्टी तापून धूर निघायचा, काप एका बाजूला वाकडा जायचा. हिलाल घामाघूम होऊन मशीनवर अंगाचा सगळा भार टाकायचा, तरी ते जागचं हलायचं नाही.

"पेट्रोल भेसळीचं शे," कुणी म्हणालं. पेट्रोल बदललं. प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून फुंकला. आवाज आणखी खणखणीत झाला, भुकटी मात्र तशीच. शेठचा पारा चढला. "एवढं मोठं मशीन, अन् बाभळीला हरतंय? जमत नसेल तर सांगा. सावद्याची माणसं आणतो."

अहो, बाभळीला कशाला हरेल? ते हरत होतं मातीला! कौतिक सवयीनं प्रत्येक झाडाचं बूड उकरायचा आणि हिलालला सांगायचा, "आनखी खाले, आनखी खाले." करवतीला जरा माती लागली तर चालून जातं. पण साखळी एवढ्या वेगानं फिरते, की मातीत दोनदा घासली तरी तिचे दात बोथट होतात. हे त्याला कोण सांगणार? ज्या गोष्टीचा त्याला गर्व, तीच गोष्ट मशीनला खात होती.

धार गेलीय, एवढं मात्र त्यानं ओळखलं. गोल कानस आणली, ओसरीवर बसून एकेक दात घासला. दुसऱ्या दिवशी मशीन दोन झाडं चाललं आणि पुन्हा भुकटी. पुन्हा कानस, पुन्हा माती. असं करता करता दात झिजून लहान झाले, आणि मग नुसती धार लावूनही काही होईना. कौतिकला झोप लागेना. सावद्याची माणसं त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग एका दुपारी त्याच्या ध्यानात आलं. साखळीच्या प्रत्येक दातापुढे लोखंडाचा एक छोटा उंचवटा होता. दात झिजले होते, उंचवटे तसेच होते. तेच लाकडाला टेकत होते, दात लाकडापर्यंत पोचतच नव्हते. बरोबर ओळखलं होतं बिचाऱ्यानं! पण अर्धंच. दातानं एका वेळी किती लाकूड खायचं, ते हा उंचवटा ठरवतो. दात झिजला की तोही केसभर घासायचा असतो, बस, केसभरच. कौतिकच्या करवतीला असलं काही नव्हतं. जे लोखंड कापत नाही ते करवतीवर ठेवायचंच कशाला? त्यानं चपटी कानस घेतली आणि एकेक उंचवटा बुडापासून साफ करायला बसला.

हिलाल पाहत होता. "भाऊ, कंपनीनी ते उगाच ठेयेल नही. ऱ्हाऊ दे."

"माले शिकाडस का रे? तू चालाव, धार मी पाहस."

हिलाल पेट्रोलचा डबा भरायला उठला. थोरल्या भावापुढे त्यानं कधी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नव्हतं.

सकाळी नाल्याकाठची चिंच पाडायची होती. मशीन लागलं आणि काय सांगावं! ढलप्या अशा उडाल्या, की लोक मागे सरले. शेठ खुश झाले. मशीन मात्र हिलालच्या हातात सरळ राहत नव्हतं. लाकडाला हिसडे मारत होतं, त्याला पुढे ओढत होतं. थांबव म्हणावं असं कौतिकला वाटलं, पण शेठ टाळ्या वाजवत होते. आडव्या फांदीला पट्टीचं टोक लागलं, लगाम नसलेले दात तिच्यात रुतले आणि मशीन उसळून उलटं हिलालच्या अंगावर आलं.

जळगावच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हिलालनं डोळे उघडले. जीव वाचला होता. खांद्यापासून हात गेला होता. त्यानं कौतिककडे पाहिलं आणि कोरड्या ओठांनी हसला. "भाऊ, कसं मस्त कापी ऱ्हायनं व्हतं ना! शेठनी पाह्यं ना?"

उंचवट्यांचं सांगावं तर कसं, अन् न सांगावं तर कसं? कौतिक नुसता मान हलवत राहिला.

दुपारी शेठ मोसंबी घेऊन आले. उशाशी बसले, हळहळले. निघता निघता कौतिकला म्हणाले, "मशीनची काळजी नको. खरचटलंसुद्धा नाही. वखारीतला गिरधर आज घेऊन गेलाय, नाल्याकाठचाच निंब पाडायला. तुझी धार आहे म्हटल्यावर त्याला मी निर्धास्त पाठवलं."

कौतिक चपला न घालताच पळाला. पाचोऱ्याची गाडी त्याला मिळाली, पण ती प्रत्येक स्टेशनावर रेंगाळत होती. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आता झालं असेल. पाचोऱ्याहून नाल्यापर्यंत तो धावतच गेला. मशीनचा आवाज लांबूनच ऐकू आला. गिरधरनं पट्टी निंबात घातली होती, मशीन त्याला पुढे ओढत होतं आणि तो हसत होता. त्याला वाटत होतं, काय ताकद आहे!

"बंद कर! गिरध्या, बंद कर ते!"

गिरधरनं दचकून मशीन बंद केलं. कौतिकनं ते हिसकावून घेतलं, साखळी उतरवली आणि दगडानं ठेचायला लागला. दोन कड्या तुटल्या, बोटं फुटली, तरी तो थांबेना.

"कौतिकनाना, येडे व्हयनात का? काय करी ऱ्हायनात?"

"मी घासले ते उंचवटे. बठ्ठे, एकेक करी, मी काढी टाकले. हिलाल नको म्हणत व्हता." कौतिक रडत होता. "मशीननी नही, मी त्याना हात लिधा रे."

गिरधर त्याच्याजवळ उकिडवा बसला. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "हिलालले सांगं का तुम्ही?"

कौतिकनं मान हलवली. नाही.

"मंग आठे मन्हापुढे काय रडतस? त्याले सांगा."

संध्याकाळची जळगावची गाडी अजून जायची होती. कौतिक उठला आणि स्टेशनाकडे चालू लागला.