लिफ्ट बंद होती त्या दिवशी

नेत्रा भाईंदरजवळच्या मोरवा गावची. लग्नाआधी आई सरूबाईबरोबर मासळीची पाटी घेऊन भाईंदरभर हिंडायची. लग्न होऊन नवघरच्या नव्या टॉवरमध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये कुणीतरी नाकाला रुमाल लावला. त्याच संध्याकाळी तिने सुक्या बोंबलांचा डबा आईकडे परत पाठवला.

हळूहळू घरातलं कालवण-भाकर बंदच झालं. शेजारच्या हिनाकडे जमणाऱ्या बायकांचं बघून दुपारी फरसाण, संध्याकाळी चीज घातलेली पावभाजी, कंटाळा आला की मोबाईलवरून पिझ्झा. दळण आणायलाही रिक्षा. नवरा पराग कौतुकाने म्हणायचा, "आता कशी फ्लॅटवाली दिसतेस." चढणारं वजन तिलाही आधी सुखाचंच वाटलं. मग गुडघे बोलायला लागले, साखर निघाली.

यंदाच्या उन्हाळ्यात लिफ्ट बंद पडली आणि नेमकी त्याच दिवशी सरूबाई बाजार आटपून लेकीकडे आली. भाजी घेऊन येणारी नेत्रा तिला खालीच भेटली. दोघी जिना चढायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर नेत्राला अशी धाप लागली की ती पायरीवरच बसली.

सरूबाईने डोक्यावरची रिकामी पाटी उतरवली, लेकीच्या पिशव्या उचलल्या. "बस जरा. चावी दे, पानी आनते." आणि ती भराभर वर गेली.

तेवढ्यात हिना खाली आली. "क्या हुआ, नेत्रा? और वो औरत कौन है? आपकी थैली लेके ऊपर गयी."

"मच्छीवाली है," नेत्रा बोलून गेली. "मैंने ही दी थैली."

वर पाहिलं तर जिन्याच्या वळणावर सरूबाई तांब्या घेऊन उभी. ती उतरली, तांब्या आणि चावी लेकीशेजारी ठेवली. "हां, मच्छीवाली," हिनाला म्हणाली, पाटी उचलली आणि खाली निघून गेली.

नेत्राला मागे धावायचं होतं. गुडघे उचलेनात. शेवटी हिनाने हात देऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी तिने हिनाला सांगितलं, "वो मेरी माँ थी."

"मालूम था," हिना म्हणाली. "चेहरा वही है."

रविवारी नेत्रा मोरव्याला गेली. सरूबाई अंगणात मासे साफ करत होती. तिने पाट पुढे सरकवला, पण नेत्राला खाली बसता येईना. सरूबाईने शेजारून खुर्ची मागून आणली. खुर्चीतून आईच्या डोक्याकडे बघत नेत्रा कशीबशी म्हणाली, "आये, चुकलं माझं."

"मी मच्छीवालीच हाय ना," सरूबाई म्हणाली आणि खवले काढत राहिली. तिच्या आवाजात राग होता की नाही, ते नेत्राला कळलं नाही.

आता नेत्रा दर रविवारी मोरव्याला जाते, स्टेशनपासून चालत. वाटेत दोनदा थांबावं लागतं. सरूबाई टॉवरमध्ये पुन्हा आली नाही. नेत्रालाही तिला 'ये' म्हणण्याचा धीर झालेला नाही.