लाल बोरिंगचं वरण

मला माणसाचे दात आधी दिसतात, माणूस नंतर. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझा दातांचा दवाखाना आहे आणि तिथली सवय बाहेरही सुटत नाही. लग्नात बाकीच्या बायका नवरीचे दागिने न्याहाळत असतात, तेव्हा मी विहीणबाईंची कवळी नीट बसलीय का ते बघत असते. नवरा म्हणतो, तुला जेवायला बोलावणं म्हणजे सगळ्या घराची तपासणी करून घेणं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

तेव्हा माझ्या भावाच्या मुलीला पुढचे नवे दात आले, ते मी बघितले नसते तरच नवल. दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते आणि कडांना तपकिरी झाक. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात असे येतात, हे मला शिकवलेलंच होतं. माझं माहेरचं गाव राजेगावच्या रस्त्याला लागून; आई आणि भावाचं कुटुंब तिथेच राहतं. गावात एक जुना हातपंप होता, आमच्याकडे त्याला बोरिंग म्हणतात. मी भेटेल त्याचं डोकं खाऊन त्याचं पाणी तपासायला लावलं. निघालं ते फ्लोराइडच. बोरिंगला लाल रंग फासला गेला, म्हणजे पिऊ नका. टाकीचं पाणी नळाने घरोघर आलं, आणि आपण गावाचं भलं केलं अशा थाटात मी काही दिवस वावरले.

पण पोरीचे पायही वाकायला लागले होते, ते काही सुधारेनात. तिचे गुडघे एकमेकांना घासायचे आणि घोटे लांब राहायचे. धावली की पडायची. हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की वाढतं हाड आहे, फ्लोराइड जायचं थांबलं आणि खाणं चांगलं मिळालं तर पाय बऱ्यापैकी सरळ होतील. थांबलं नाही, तर वाकडेच पक्के होतील. नळ येऊन बराच काळ झाल्यावर आम्ही तिची लघवी पुन्हा तपासली, तर फ्लोराइड जवळपास आधीइतकंच. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या बरोबरीने उत्सुकताही. पाणी बदललं, मग हे येतंय कुठून?

मी तिचं टूथपेस्ट बंद केलं. चहातही फ्लोराइड असतं म्हणून तिला चोरून मिळणारा चहा बंद केला. काही फरक नाही. मग ओळखीतून भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक मिळवले. माणसांपेक्षा दगडांशी जास्त जमणारा गृहस्थ. ते आले, टाकीचं आणि आमच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेले आणि थोड्या दिवसांनी फोनवर म्हणाले की नळाचं पाणी उत्तम आहे, आता काय ते तुमच्या खात्यात शोधा. मी म्हटलं, दातांवर ते फक्त दिसतं, तिथून येत नाही, तुम्हीच तुमच्या खात्यात शोधा. असं आम्ही ते पोरीचं दुखणं एकमेकांकडे टोलवत बसलो.

सुटका केली ती माझ्याच एका पेशंटने. या बाई कॉलेजात आहारशास्त्र शिकवायच्या आणि त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल चाललं होतं. तोंड उघडं आणि त्यात कापूस, त्यामुळे माझी सगळी कहाणी त्यांना मुकाट्याने ऐकावी लागली. इतका चांगला श्रोता मला घरी कधी मिळत नाही. कापूस काढल्याबरोबर त्यांनी विचारलं, "आणि स्वयंपाक कोणत्या पाण्यात होतो?"

मी म्हटलं, नळाच्याच, दुसऱ्या कोणत्या होणार. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंय का? मी विचारलं नव्हतं. प्राध्यापकांनीही नाही. आम्ही दोघं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी, एवढंच धरून चाललो होतो.

एका रविवारी मी दोघांना घेऊन गावी गेले. आईला पाहुणे आले म्हणजे हुरूप येतो. प्राध्यापक अंगणातला एक दगड उचलून बघत बसले. बाई मात्र सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईशेजारी पाटावर बसल्या आणि भाताच्या, वरणाच्या गप्पा मारू लागल्या. पिण्याचा माठ दाराशी होता, पण चुलीजवळ झाकलेला एक वेगळा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, होता. हे पाणी कुठलं, असं त्यांनी सहज विचारलं. आईनेही सहजच सांगितलं, लाल बोरिंगचं. माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

मी विचारायच्या आधीच आईला माझा चेहरा दिसला असावा. ती म्हणाली, "पिऊ नका म्हणलं, तं आम्ही पेत नाई. वरणाले घेतो. उकळलं का काय राह्यते त्यात?"

तिचं खरंच काय चुकलं होतं? ताप आला की आम्ही डॉक्टर लोकच सांगतो, पाणी उकळून घ्या. लाल रंग फासणाऱ्यांनी पिऊ नका सांगितलं, आणि गाव तंतोतंत तसं वागलं. बाईंनी तिला समजावलं की जंतू उकळून मरतात, पण हे जंतू नव्हेत. उकळताना पाणी उडून जातं आणि हे मागे उरतं, आणि डाळतांदूळ ते पिऊन घेतात. मग नळाचं पाणी का नाही घेत, असं विचारलं तेव्हा आईने तोंड वाकडं केलं. नळाच्या पाण्यात डाळ दुपारपर्यंत टणक राहते म्हणाली. बोरिंगच्या पाण्यात चढवली की गळलीच.

हे ऐकलं आणि प्राध्यापक हातात दगड घेऊन आत आले. पुन्हा सांगा म्हणाले. आईने पुन्हा सांगितलं. ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि आम्हाला समजावू लागले. डाळ टणक राहते ती पाण्यातल्या चुन्यामुळे. या बोरिंगच्या पाण्यात चुना कमी आणि खडकातून आलेला सोडा जास्त, म्हणून डाळ झटकन मऊ होते. आणि चुना कमी असतो तिथेच फ्लोराइड पाण्यात जास्त राहू शकतं. म्हणजे गावातल्या बायका ज्या गुणासाठी ते पाणी नावाजत होत्या, त्याच गुणाच्या आड फ्लोराइड बसलेलं होतं. प्राध्यापकांना एवढा आनंद झाला होता की मलाही क्षणभर झाला. इतके दिवस टोलवलेलं कोडं चुलीपाशी सुटलं होतं.

आईला आनंद होण्याचं कारण नव्हतं. ती मला म्हणाली, "सगळ्याइचं वरण नळाच्याच पाण्यात होते. ह्या पोरीपुरतं बोरिंगचं. तिले चावताना दात दुखते म्हणून." मग म्हणाली, "अन् तू आली का तुह्यापुरतं."

दर खेपेला मी त्या वरणाची तोंड भरून तारीफ करायची.

पुढचं काम सोपं होतं असं नाही. आमच्यासारखीच आणखी घरं निघाली. बोरिंगवर 'खाना भी न पकाएँ' असं लिहून घेतलं. बाईंनी दोन-तीनदा येऊन बायकांना डाळ रात्रभर भिजवायला आणि कुकर वापरायला सांगितलं. चव तशी येत नाही अशी कुरकूर झाली, ती अजून चालू आहे. पोरीला दूध, तीळ, शेवग्याचा पाला सुरू झाला. आणि आई स्वयंपाकघरातून उठली. वहिनीवर सगळं सोपवलं. पोरगी ताट घेऊन जवळ आली की आई म्हणायची, मायजवळ जा. मला ते बघवत नसे.

या हिवाळ्यात तपासणीत फ्लोराइड चांगलंच खाली आलं. हाडांचे डॉक्टर गुडघे बघून खूश झाले. मी ती बातमी घेऊन गावी धावले. आई ओसरीवर तीळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आधी जे पोटात गेलं ते सगळं निघालं का? मी तिच्याशी खोटं बोलू शकले असते. पण हाडात बसलेलं हळूहळू जातं, थोडं राहतंच, असं मी सांगितलं.

"मंग माह्या हातचं काही ना काही राहीनच तिच्यात," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, हाड नुसतं त्या पाण्याचं नसतं. दूध, तीळ, शेवगा, सगळं त्यातच जाऊन बसतं आणि तेही तसंच राहतं. ते देणारा हात कोणाचा असावा हे आता तूच ठरव.

ती उठली. निवडलेले तीळ घेऊन आत गेली आणि वहिनीला म्हणाली, तू सरक थोडी, पोरीचं मी करतो.