जॅकवेलच्या तळातली खरखर

कुणाच्या अंगात आलं की त्याची नाडी बघायला पुढे जाणारी बाई आहे मी. आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात जाते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही "इंजिनिअर असून असं...?" म्हणणारच. म्हणा बापडे.

अहमदपूरहून नांदेडकडे जाताना, रस्त्यापासून बरंच आत, एक मध्यम धरण आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. खालच्या एका मोठ्या गावाला तिथून पिण्याचं पाणी जातं, उरलेलं कालव्याने शेतीला. दरवर्षी ऑक्टोबरात पातळी घ्यायची, पुढच्या पावसापर्यंत गावाला लागणारं पाणी बाजूला काढायचं, उन्हाने उडून जाणारं वजा करायचं आणि उरलेल्यातून शेतीला पाणी सोडायच्या पाळ्या ठरवायच्या — हे नियोजन माझ्याकडे. खरं सांगू? आम्ही मागच्या वर्षीची फाइल उघडायचो, वर्ष बदलायचो, पातळी बदलायचो... झालं नियोजन! बाकीचे रकाने जसेच्या तसे.

त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं होतं. हिवाळ्यात तीन आणि उन्हाळ्यात एक पाळी मी आरामात बसवली. उन्हाळ्याच्या पाळीवर माझ्या थोरल्या भावाचा डोळा होता. दादाचं शेत कालव्यालाच लागून, त्याने उन्हाळी भुईमुगाचं बियाणंसुद्धा सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांसोबत बैठक होती, म्हणून शेवटची पातळी बघायला भर दुपारी धरणावर गेले. जॅकवेल — म्हणजे पाण्यात उभी असलेली उंच गोल विहीर, जिच्यातून पंप गावाचं पाणी उचलतात — तिच्या पुलावर रशीदचाचा बसले होते. कैक वर्षांचे चौकीदार. मी पट्टीवरचा आकडा लिहून घेतला आणि...

खर्र... खर्र...

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. लहानपणी विहिरी आटल्या की आम्ही बहीण-भाऊ तळाशी झऱ्यावर बसायचो आणि पितळी वाटीने घोट घोट पाणी घागरीत भरायचो. पाणी संपलं की वाटी दगडावर घासायची. अगदी तोच आवाज! आणि तो येत होता जॅकवेलच्या आतून, जिच्यात तेव्हा कितीतरी पुरुष पाणी होतं.

"चाचा, पंप चालू आहे का?"

"लाइनच न्हाई सकाळपासून. पंप कुठला?"

"मग हे काय वाजतंय?"

चाचा उठून माझ्याजवळ आले. "तुमाला बी येऊन राहिलं आयकू? या अल्ला... तीन दिवस झाले, मॅडम. तुम्ही हसताल म्हणून बोललो न्हाई."

वाकून आत पाहिलं तर पाणी शांत, साधा तरंगही नाही. पण आवाज तळातूनच येत होता. काहीतरी करायला हवं म्हणून चाचांना दोरी आणायला लावली, टोकाला लोखंडी वजन बांधलं आणि आत सोडलं. तळ लागायला हवा होता त्याच्या बराच आधी दोरी सैल पडली. ओढून काढलं तर वजन काळ्या गाळाने लडबडलेलं! तेव्हा ध्यानात आलं, आवाज थांबला होता.

जॅकवेलला पाणी आत घ्यायला एकाखाली एक तीन खिडक्या असतात. पाणी उतरेल तशी खालची उघडायची. दोरी मोजली तर आमची सगळ्यात खालची खिडकी गाळात गाडली गेलेली. आणि फाइलमध्ये? 'खालची खिडकी — सुस्थितीत.' दरवर्षी, न बघता, मीच कॉपी केलेलं. म्हणजे मधल्या खिडकीखालचं जे पाणी मी गावासाठी मे-जूनला धरलं होतं, ते गावाला मिळणारच नव्हतं. भरल्या धरणात गाळ काढणंही शक्य नव्हतं.

बैठकीत मी दोरीला लागलेल्या गाळाचं सांगितलं आणि उन्हाळ्याची पाळी रद्द करून ते पाणी गावासाठी राखायचं सुचवलं. दादा सगळ्यांसमोर उठला.

"धरण तुडुंब भरलंय, डोळ्याला दिसून राहिलं, आन ही म्हणती पानी न्हाई! लई शिकली!"

लोक हसले. आमच्या साहेबांनी माणूस पाठवून गाळाची खात्री केली आणि सही केली. आवाजाचा विषय मी कुणाकडे काढला नाही. दादा त्या वर्षी भाऊबीजेला आला नाही.

पुढचा जून कोरडा गेला. अर्धा जुलैही गेला. पाणी रोज बोट-बोट उतरत मधल्या खिडकीच्या कडेला टेकलं. मला जेवण जात नव्हतं. उन्हाळ्याची पाळी दिली असती तर...! आणि मग एकदाचा वरच्या भागात पाऊस झाला. पट्टीवर पाणी चढताना बघितलं आणि मी पुलावरच बसून पोटभर रडले. गावाचा नळ एक दिवसही बंद पडला नव्हता. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

नंतर दोघा-तिघा सहकाऱ्यांना आवाजाचं सांगितलं. कुणी म्हणालं हवा अडकली असेल, कुणी म्हणालं गाळ सरकला असेल. असेलही. पण गाळाचा आवाज दगडावर पितळ घासल्यासारखा येतो का? चाचांना तो पुन्हा कधी ऐकू आला नाही. मलाही नाही.

ऑगस्टात दादा न सांगता घरी आला. त्याची लेक त्याच खालच्या गावात दिलेली आहे.

"पोरीच्या घरी रोज पानी आलं," तो म्हणाला. "चुकलं माझं, बाई."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"पर एक सांग. भरल्या धरनात दोरी सोडून बघायचं तुला सुचलं कसं? कुनी सांगितलं?"

मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले. तो अजूनही अधूनमधून विचारतो. आवाज आला एवढं सांगेनही, पण तळाशी वाटी कोण घासत होतं, याचं उत्तर असतं तर भावापासून कशाला लपवलं असतं?