दोन पेट्या, एक नाव

वीस वर्षं पलटणीच्या सिग्नल्समध्ये, वायरलेसच्या कामावर, काढून आकाराम खोत हवालदार म्हणून घरी आला, तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. गाव इस्लामपूरपासून दोन कोसांवर. ऊस भावाच्या हाताखाली चांगला चालला होता. आकारामनं एक हंगाम बांधावर काढला आणि तेवढ्यात घरातला रेडिओ, शेजाऱ्याची मोटार आणि सोसायटीचा टेलिफोन अशी तिन्ही यंत्रं उघडून पाहिली. त्याची बायको शालूबाई वैतागून म्हणाली, "आवं, तुमी कुठंतरी नोकरीच बघा. न्हाईतर एक दिवस माझं शिवणाचं मशीन बी सुटं व्हईल."

सांगलीत विश्रामबागेत एक छोटं गणनकेंद्र निघालं होतं. तिथं कॉम्प्युटर चालवायला माणूस हवा होता. आकाराम गेला, यंत्राभोवती दोनदा फिरला, आणि साहेबांनी काही विचारायच्या आत त्यानंच सात-आठ प्रश्न विचारले. त्याला ठेवून घेतलं.

हे पंचाहत्तर साल. त्या काळी यंत्राला जे सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे. एका कार्डावर एक ओळ. कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या तोंडाशी लावायचा आणि कागदावर उत्तर छापून येण्याची वाट पाहायची. दोन वर्षांत आकारामला भोकं बघून अक्षर ओळखता येऊ लागलं. गणित मात्र त्याला कळत नव्हतं, आणि ते कळत नाही याचीच त्याला रुखरुख होती.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात शरयू मराठे केंद्रात काम घेऊन आल्या. मूळच्या वाईच्या, सांगलीत गणित शिकवणाऱ्या. वारणेचं पाणी पंपानं उचलून पाच गावांना देण्याची एक उपसा योजना होती. कुठल्या नळातून किती पाणी जाईल हे त्यांना काढायचं होतं. त्यांच्या कार्यक्रमाच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या, कार्डांमागे आकारामनं 'लायब्ररी' असं लिहिलेल्या दोन लाकडी पेट्यांतली कार्डं लावली. एक पांढऱ्या पट्टीची, केंद्रातली जुनी. दुसरी तांबड्या पट्टीची, पंपाच्या हिशोबासाठी बाईंनी एका संस्थेकडून नवीन मागवलेली.

"ह्याला लायब्ररी का म्हणत्यात? पुस्तक तर एक बी न्हाई," आकारामनं विचारलं.

"दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार कामं आहेत यात," शरयूबाई म्हणाल्या. "प्रत्येक कामाला नाव. आपण नावानं हाक मारायची, यंत्र ते काम शोधून करतं."

उत्तर छापून आलं. आकारामनं कागद फाडून हातात घेतला आणि तिथंच थबकला.

"बाई, शेवटच्या गावाच्या आकड्याआधी ही आडवी रेघ कसली?"

"उणे आहे ते."

"मंजी गावातनं पाणी उलटं नदीला चाललंय? त्या गावाला माझी बहीण दिलीया. तिथं प्यायला पाणी न्हाई, नदीला कुठलं देत्यात!"

शरयूबाईंनी कपाळाला हात लावला. केंद्रप्रमुख बर्वेसरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "पांढरी पेटी दोन वर्षं बिनतक्रार चालली आहे. तुमच्या कार्यक्रमातच चूक असणार." बाईंनी आपली कार्डं चार दिवस तपासली. चूक सापडेना. तांबडी पेटी पाठवणाऱ्या संस्थेचंही पत्र आलं, की आमची पेटी इथं उत्तम चालते.

आकारामला ते काही सुटेना. दोन्ही पेट्या एकेकट्या नीट, बाईंची कार्डं नीट, मग एकत्र आल्यावर बिघडतं कुठं? पलटणीत वायरलेसच्या दोन संचांचं असं झालं, की तो आधी जागा बदलून बघायचा. त्यानं बाईंना विचारून तांबडी पेटी पुढे आणि पांढरी मागे लावली.

या वेळी पाचही गावांना पाणी सरळ गेलं. पण पंपाची ताकद अशी आली, की पाणी चार हजार मीटर वर चढेल.

"महाबळेश्वराच्या डोक्यावरनं जाईल की वो," आकाराम म्हणाला. "पर बाई, कार्डं तीच. फकस्त रांग बदलली तर उत्तर का बदलावं?"

शरयूबाईंनी दोन्ही पेट्या जवळ ओढल्या. मग म्हणाल्या, "हवालदार, दोन्ही पेट्यांतल्या कामांची नुसती नावं छापून काढा बरं."

दोन याद्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि आकारामनं एका नावावर बोट ठेवलं. सॉल्व. दुसऱ्या यादीतही सॉल्व.

"एकच नाव, माणसं दोन!"

मग उलगडा झाला. समीकरणं सोडवायचं ते काम दोघांनी आपापल्या परीनं लिहिलं होतं. पांढऱ्या पेटीतलं आकड्यांचा तक्ता उभा वाचायचं, तांबडीतलं आडवा. यंत्र हाक ऐकून पहिलं जे भेटेल ते घ्यायचं, दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. बाईंच्या कार्यक्रमात तक्ता आडवा मांडलेला होता, म्हणून पांढरी पुढे असली की गावांचं पाणी उलटं. पंपाचं काम तांबड्या पेटीतलं असलं तरी ते एका जुन्या उभ्या तक्त्यावर बेतलेलं होतं, म्हणून तांबडी पुढे असली की पंप आभाळात. त्या संस्थेत पांढरीसारखीच एक जुनी पेटी नेहमी पुढे लावत, त्यामुळे तिथं हे कधी दिसलंच नव्हतं.

"मग एकाचं नाव बदलू," आकाराम म्हणाला. "पलटणीत एका नावाचे दोघं आले की आमी तेच करायचो."

पांढऱ्या पेटीतल्या सॉल्वच्या शेवटच्या ई अक्षराच्या जागी बी घालायचं ठरलं. त्याला जिथून जिथून हाक जात होती तीही कार्डं बदलायची. शरयूबाईंनी सगळ्या कार्डांची ओळन् ओळ छापून घेतली आणि त्या यादीवरून अकरा जागा शोधल्या, आकारामनं अकरा कार्डं नव्यानं पाडली. गठ्ठा लावला. पंप अजून आभाळातच.

बाईंनी यादी दोनदा चाळली. बाराव्या जागेचा पत्ता नव्हता. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "पंपाच्या कामातून एक तरी हाक जायला हवी. मला दिसत का नाही?"

"तुमी बसा. मी वाचतो, तुमी ऐका," आकाराम म्हणाला.

त्यानं पंपाच्या कामाची कार्डं उचलली आणि वायरलेसवर संदेश द्यावा तशी, शब्द न जोडता, एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागला. पाऊण तास झाला. बाहेर बर्वेसर दारात येऊन उभे राहिले. "एस... ओ... एल... व्ही... ई..."

"थांबा!" शरयूबाई उठल्या. कार्ड हातात घेतलं. त्यावर एस-ओ-एल एकीकडे आणि व्ही-ई दोन रकाने सोडून पलीकडे पाडलं होतं. डोळा त्याला एक शब्द मानत नव्हता. यंत्राला मात्र मोकळ्या जागेचं काहीच वाटत नसे. ते अक्षरं गोळा करून हाक ऐकायचं.

बारावं कार्ड बदललं. कागद सरकत बाहेर आला. पंप जमिनीवर, पाचही गावांना पाणी, शेवटच्या गावाला सगळ्यात थोडं पण सरळ. आकारामनं तो आकडा तीन वेळा वाचला. बर्वेसर म्हणाले, "मराठेबाई, चूक तुमची नव्हती," आणि मग आकारामकडे वळून, "खोत, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"सुचलं न्हाई, साहेब. ऐकू आलं," तो म्हणाला, पण त्याचं लक्ष कार्डावरच होतं. "बाई, यंत्र मोकळी जागा सोडून का देतं? कुणी ठरवलं तसं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला शरयूबाईंना चार महिने लागले, कारण त्यांना आधी त्याला फोरट्रान ही यंत्राची भाषा शिकवावी लागली. दर शनिवारी दुपारी त्या येत, आकाराम वहीत पेन्सिलीनं लिही. दिवाळीनंतर त्यानं स्वतःचा पहिला कार्यक्रम लिहिला, एकसष्ट कार्डांचा. काम एवढंच, की कुठल्याही दोन पेट्या दिल्या तर एकाच नावाची कामं शोधून छापायची. सहा वेळा तो अडला, सातव्यांदा चालला. केंद्राच्या कपाटातल्या सगळ्या पेट्या आकारामनं एकेक करून त्याला दिल्या, आणि कागदावर आणखी तीन जोड्या उमटल्या, ज्यांची आजवर कुणाला गंधवार्ता नव्हती.