धुऱ्यावरची बोर

बाजारातून आणलेल्या पिशवीतून आज पिकल्या बोरांचा आंबूस वास आला आणि मी ओट्याशी तशीच उभी राहिले.

सत्तरच्या दशकातला एक हिवाळा. नरखेडकडच्या आमच्या संत्राबागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्या तान्ह्या भावाला नुकतंच पुरलं होतं. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाबा वर बोराटीच्या फांद्या रचत होते. फांद्यांवर पिकलेली बोरं तशीच होती. त्यांचा हाच वास.

"काटे टोचतीन जी त्याले," आई म्हणाली.

बाबा फांद्यांवर दगड ठेवत राहिले. कोणी रडलं नाही. मी बोरांकडे बघत होते.

पावसाळ्यात त्या दगडांमधून बोरीचं रोप वर आलं. उन्हाळा लागल्यावर आई रोज त्याला तांब्याभर पाणी घालू लागली.

"भर दुपारी काहून पानी टाकून राहिली वं? बोर तं गोट्यातबी जगते," बाबा म्हणायचे. आई ऐकायची आणि पुन्हा दुपारीच जायची.

पुढे झुडूप पसरलं, बुलबुलांनी त्यात घरटं केलं. बोरं आईने पाखरांनाच ठेवली.

बागेतलं काम थांबवून आई बाळाला पाजायला घ्यायची, ती वेळ भर दुपारची होती. हे मला आज आठवलं.