खाला मौलवींकडे गेल्या

वस्तीत कुठल्याही घरात बाई वारली की पहिला निरोप खालांना जायचा. मयताला आंघोळ घालायची, कफन बांधायचं, हे काम त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. हात हलका, तोंड मात्र फटकळ. "पाणी थंड होतं म्हणून आजवर एकीनेही तक्रार केली नाही," असं म्हणून रडत्या घरातही एखादीला हसवून जायच्या.

त्यांचं स्वतःचं हसणं आटलं ते सून तिसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा. दोन मुलींच्या बाळंतपणांनी तिचं हृदय आधीच खिळखिळं झालेलं. जिना चढताना ती अर्ध्यावर बसायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "हे बाळंतपण हिला झेपणार नाही. आत्ताच मोकळी करा. उशीर केलात तर दोघंही हाती लागणार नाहीत."

"जीव देणारा तो, नेणाराही तोच," खाला घरी येऊन म्हणाल्या. "आपण मध्ये हात घालायचा नाही."

मुलगा उठून बाहेर निघून गेला. सून भांडी घासत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "अम्मी, कोपऱ्यावरची शिंपीण बाळंतपणात गेली, तेव्हा तुम्हीच तिला आंघोळ घातलीत. घरी आल्यावर जेवला नव्हतात."

खालांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चादर डोक्यावरून घेतली आणि सुनेला घेऊन मशिदीमागच्या खोलीत मौलवींसमोर जाऊन बसल्या.

मौलवी म्हणजे ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी महिना विचारला. तिसरा, खाला म्हणाल्या.

"खायला कोण घालणार, पुन्हा मुलगीच झाली तर, असलं काही कारण असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं," मौलवी म्हणाले. "चार महिन्यांनी गर्भात रूह फुंकली जाते, असं आपण मानतो. त्याआधीचं म्हणाल तर धर्म जाणणाऱ्या आलिमांचं एकमत नाही. सबळ कारण असेल तर काहीजण परवानगी देतात, काहीजण पहिल्यापासूनच नाही म्हणतात. पण आईच्या जिवावर बेतलं तर आईला वाचवा, यावर बहुतेकांचं एकमत होतं. आई मूळ आहे. मात्र एकाच डॉक्टरच्या शब्दावर नको. आणखी एका जाणत्याला दाखवा."

"आणि गुनाह? तो कुणाच्या माथी?"

"माझ्या सांगण्यावरून केलंत तर वर मलाही विचारलं जाईल. म्हणून तर दुसऱ्याला दाखवा म्हणतोय." मग खालमानेनेच त्यांनी सुनेला विचारलं, "बेटी, तुझं मन काय म्हणतं?"

"मला माझ्या मुली मोठ्या झालेल्या बघायच्यात," ती म्हणाली, आणि ओढणीत तोंड खुपसून रडू लागली.

दुसऱ्या डॉक्टरचंही तेच मत पडलं. सून दाखल झाली. सारं आटोपल्यावर नर्सने विचारलं, "आम्हीच बघू का पुढचं?"

"नको, द्या इकडे," खाला म्हणाल्या. एवढ्याशा जिवाला आंघोळ नाही, जनाज्याची नमाज नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पांढऱ्या कापडाची घडी उलगडली, पण गाठ काही नीट बसेना. इतक्या कफनांना सरावलेल्या हातांनी ती दोनदा सोडून पुन्हा बांधली. शेवटी मुलाने गाठ मारली आणि कब्रस्तानात कुंपणाजवळ पुरून आला.

सून वाचली. पण कुणाशी धड बोलेना. खाला तिला बोलतं करायच्या फंदात पडल्या नाहीत. नातींच्या वेण्या घालायच्या, पाणी भरायच्या, दुपारी तिच्याशेजारी गुपचूप पडून राहायच्या.

एकदा शेजारीण दारात येऊन कुजबुजली, "तुम्हीच करवलंत म्हणे? तुम्ही, खाला?"

"हो. विचारून करवलं," खाला म्हणाल्या. "तरी पोटात तुटतंच गं."

आतून सून बाहेर आली. भिंतीला टेकून क्षणभर उभी राहिली. "अम्मी, चहा टाकू?"

इतक्या दिवसांत तिने आपणहून काही विचारलेलं हे पहिलंच. खालांनी शेजारणीला बसायची खूण केली.

"तिघींचा टाक," त्या म्हणाल्या.